मागची रांग

फेब्रुवारीतला रविवार. टेबलावर पाच रंगीत पुस्तिका,
त्यांवर चहाच्या कपांची ओली वर्तुळं.
मुखपृष्ठावरचं कुटुंब पाचही ठिकाणी तसंच हसतंय,
त्यांच्या कुणाच्याच पायाला वाळू चिकटलेली नाही.

कॅलमला घसरगुंडी हवी, पाण्याची, तीही बंद नळीतली.
ब्रायोनीला काहीच नको, म्हणजे सिग्नल हवा.
कार्ल कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय:
चादरी वेगळ्या, गॅस वेगळा,
कुत्र्याचे रात्रीला पाच पौंड.
"कुत्रं काय पलंग मागतं?" तो मला विचारतो,
जणू दर मीच ठरवलेत.

बाबा खिडकीपाशी, मिठाची गुळणी धरून.
विचारलं की एकच उत्तर, चाळीस वर्षांचं जुनं:
"कुठलंही चालेल. मागची रांग घे."

मागची रांग.
माझे सगळे लहानपणचे उन्हाळे मागच्या रांगेत गेले.
सँड मार्टिन पार्क, क रांग, चौदा नंबर,
खिडकीत वाटाण्याचं शेत आणि एक गंजका नांगर.
पुढच्या रांगेतल्या मुली उठल्या उठल्या समुद्र बघायच्या,
मी वाटाणे.
वाटायचं, आपण गरीब आहोत म्हणून.
आईनंही ते कधी खोडून काढलं नाही.
गरिबी सांगायला सोपी होती.

आईला पुरून आलो त्या दुपारी
सँडविचची बशी हातात धरलेल्या,
दोन बोटं नसलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं:
आइसलँडच्या वर, जानेवारीत,
ट्रॉलरच्या दोरखंडांवरचा बर्फ कुऱ्हाडींनी फोडत होतो आम्ही.
डाव्या कठड्याशी तुझा बाप आणि त्याचा भाऊ.
लाट आली.
मग डाव्या कठड्याशी तुझा बाप.

मी सँडविच खाल्लं. काय करणार.
बाबांना कधी विचारलं नाही.
गुळणी माझ्याही तोंडात आली, वारशानं.

आता सँड मार्टिनचा नवा नकाशा उलगडते
आणि अ रांग सापडत नाही.
ब रांगही नाही.
छापताना चुकलेलं नाही काही;
आमचा किनारा चिकणमातीचा,
दर हिवाळ्यात समुद्र त्याचा लचका तोडतो
आणि पार्कवाले उरलेले डबे मागे ओढत राहतात.
क रांगेपुढे आता सोनेरी चांदणी छापलीय:
"थेट समुद्रदर्शन. आठवड्याला साठ पौंड जादा."
चौदा नंबर. आमचाच.

मला हसू आलं. आवरेना.
मग ते हसू राहिलं नाही.
ज्याच्याकडे पाठ करून माणूस जन्मभर बसला
तो घाई न करता, एकेक रांग ओलांडत
थेट खिडकीशी आला होता.

कार्ल म्हणाला, सोड, डोंगरात जाऊ, तळ्याकाठी.
कॅलम म्हणाला, तळ्याला नळी असते का?
आणि बाबा वळले.
"चौदा आहे अजून?"
"आहे. पण पहिल्या रांगेत."

बराच वेळ ते चहा ढवळत राहिले.
साखर सोडून त्यांना सहा वर्षं झालीत.
"सिरिलला वाटाणे आवडायचे नाहीत," ते म्हणाले,
"ताटात कडेला ओळीनं मांडून ठेवायचा."
या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं.
ब्रायोनीनं फोनमधून मान वर केली.
"सिरिल कोण?"

सोमवारी मी पार्कला फोन लावला.
कुत्रा? आहे. चादरी? आमच्या आणू.
"चौदाला सकाळी सूर्य थेट आत येतो हं," बाई म्हणाल्या,
"पडदे जाड लावून ठेवू?"
लावा म्हटलं. जाडच लावा.
ओढायचे की नाहीत
ते ज्याचं तो बघेल.